पहिला टेक

"चौकीदार दिसतो तिथे सरळ कात्री लावा. आजच्या काळात चालायचं नाही ते," चित्रपट कंपनीच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "सहापर्यंत प्रत पाठवा."

ध्वनिदुरुस्ती करणाऱ्या मुलीने "बघते" म्हणून फोन ठेवला आणि वडिलांना स्टुडिओत बोलावून घेतलं.

चित्रपट चाळीस वर्षांपूर्वीचा, दरोड्याचा पण हसवणारा. तीन चोर बँक फोडायला जातात आणि दर वेळी डोंगरी चौकीदारापायी तोंडावर आपटतात. चौकीदार झालेला नट शहरातला, तोंडाला काळा रंग फासलेला. आवाज मात्र अस्सल डोंगरी माणसाचा होता, तिच्या वडिलांचा. जन्मभर शाळेत भाषा शिकवली, तरी पोरं त्यांना 'चौकीदार गुरुजी'च म्हणायची. सहा वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. घरात त्यांच्या बोलण्याची एकही टेप नव्हती. उरली होती ती ही चार मिनिटांची टिंगल. ती कापायची म्हणजे तो आवाजही पुसायचा.

वडील आले. काखेत पाटी, खिशात खडू. तिने दृश्य लावलं.

"चावी माझा पास आहे, पण दार तुमचा नाही!" चौकीदार ओरडला. वडिलांचे खांदे हसून गदगदले. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'सात टेक. सारखा अडखळत होतो.'

हा किस्सा तिला पाठ होता. लग्नकार्यात, पाहुण्यांपुढे, शंभरदा ऐकलेला. पण सकाळी फिल्मच्या डब्याच्या तळाशी तिला नापास टेकचं रीळ सापडलं होतं.

"बाबा, आता हे ऐका."

"चावी माझ्याकडे आहे, पण दार तुमचं नाही." स्वच्छ, ठाम, वर्गात बोलावं तसा तरुण आवाज. कुठेही अडखळणं नाही. मागून दिग्दर्शक म्हणाला, "अहो, असं नको. तुमच्यासारखं बोला."

"साहेब, मी माझ्यासारखंच बोलतोय."

मग हशा. पाच-सहा जण तरी असतील, पोट धरून हसणारे. आणि हशा संपायच्या आत तोच तरुण आवाज, जरा बारीक झालेला: "बरं. सांगा कसं ते."

वडिलांनी बोटानेच खुणावलं, पुन्हा लाव. तिने लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. या खेपेला खांदे हलले नाहीत. किती तरी वेळ खडू पाटीवर टेकलेलाच राहिला.

'मीच अडखळलो असं वाटायचं,' त्यांनी लिहिलं.

"कापून टाकू का सगळं?"

मान जोरात हलली. नाही. त्यांनी पडद्याकडे आणि मग रिळाकडे बोट केलं.

"पहिला टेक चित्रावर बसवू? बाबा, काहीतरीच काय! तो नट वेगळंच बोलतोय. ओठ जुळणार नाहीत."

त्यांनी बाहीने पाटी पुसली. सावकाश, फळ्यावर लिहावं तसं वळणदार अक्षर काढलं.

'ओठ माझे नव्हतेच.'

तिने टेक चढवला. रंगवलेलं तोंड एक बोलत होतं, आवाज दुसरंच. हसू येत नव्हतं.

सहाला फोन वाजला.

"कापलंत ना?" मॅडम म्हणाल्या.

"नाही," ती म्हणाली. "प्रत पाठवलीय. आधी ऐका. मग बोलू."

वडील पाटी मांडीवर घेऊन फोनकडे बघत होते.