फाडलेली दोन पाने

"हे दोन पानं नाई वाचाची," खुशालभाऊंनी वहीवर बोट ठेवले.

शाळेच्या वर्गात नटांचा मेकअप चालला होता. मनसाराम फळ्याखाली बसून आजच्या नाटकाची वही चाळत होता.

"काऊन?"

"ठेकेदारसाहेब समोर बसून राहणार. मंडप त्यायचा. त्यायच्यासमोर तळ्याचं कायले काढता?"

चामोर्शीकडच्या त्या गावाचे जुने तळे बुजवून तिथे ठेकेदाराचे खनिजाचे ट्रक उभे राहणार होते. नाट्यमंडळाचे अध्यक्ष खुशालभाऊ त्याला मान डोलावून बसले होते. त्यांनी दोन्ही पाने टर्रकन फाडली आणि खिशात घातली. "आज मी तुह्या बाजूलेच बसतो," म्हणाले.

मनसाराम प्रॉम्प्टर होता. तीस वर्षे विंगेत बसून त्याने राजांना, सावकारांना, सासुरवाशिणींना वाक्ये पुरवली होती. झाडीपट्टीत, पूर्व विदर्भातल्या या रंगभूमीवर, नटाला रोज नवे गाव, आठवड्याला तीन-चार वेगळी नाटके. तालमीला वेळ कुठला? कान विंगेकडे ठेवूनच तो बोलतो. पोस्टरवर मंडपवाल्याचे नाव असते, प्रॉम्प्टरचे नसते. मनसारामने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. पण वाक्य गिळायला त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते, आणि ते त्याला फार लागले. तो ढिवराचा. बापाने अशाच एका तळ्यात जाळे टाकून त्याला वाढवले होते.

नाटकाची नायिका रिना अर्धाच रंग लावून आली. "काका, मंग मी तिथी काय बोलू?"

"तू फक्त माह्याकडं पाहाजो, बाई."

रात्रभर चाललेल्या नाटकाचा तिसरा अंक उजाडता उजाडता लागला. नाटकासाठी गावोगावहून आलेले पाहुणे ब्लँकेटे पांघरून अजून बसलेले होते. पुढच्या खुर्चीत ठेकेदाराची मान छातीवर टेकली होती. विंगेत खुशालभाऊ वही स्वतःच्या हातात धरून, ओळीवर बोट ठेवून मनसारामला खेटून बसले होते.

"तळं माझं आहे!" रंगमंचावरचा मालगुजार, गावचा जमीनदार, गरजला. पाने फाडल्यामुळे वहीत आता सरळ गाणे होते. ऑर्गन सुरू झाला.

रिनाने विंगेकडे पाहिले. मनसारामने आवाज काढला नाही, फक्त ओठ हलवले. ऑर्गनपुढे प्रॉम्प्टरचा आवाज पोचत नाही, तेव्हा झाडीतला नट त्याचे ओठ वाचतो. खुशालभाऊंना हे कुठून ठाऊक असणार? ते वहीतच पाहत होते.

"मालगुजार," रिना म्हणाली आणि ऑर्गन थांबला. "तळं तुमच्या आज्यानं नाई खोदलं. माह्या आज्यानं खोदलं. तुमचा आजा काठावर छत्री घेऊन उभा होता. बुजवाचं असन तं आमाले आत उभं करून बुजवा."

 मंडपात ढिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिच्यामागे तिची सगळी रांग उभी राहिली. ठेकेदार दचकून जागा झाला आणि शेजाऱ्याला काय झाले ते विचारू लागला.

पडदा पडताच खुशालभाऊ रिनावर धावून गेले. "तुले कोणं सांगतलं होतं बोलाले?"

 मनसाराम मधे येऊन उभा राहिला.

"तिच्यावर नका चिडू, भाऊ. वाक्य मी देल्लं."

"वही तं माह्या हातात होती!"

"वही होती."

 खुशालभाऊ म्हणाले, "या टापूत आता तुले कोणी विंगेत बसवणार नाई, मनसाराम."

ते खरे होते.  तरी मनसाराम म्हणाला, "नका बसवू. मी लोकायमंदी बसन."

"मंग हे बी घेऊन जा." खुशालभाऊंनी खिशातली पाने पुढे केली.

"राहू द्या तुमच्यापाशी. मले पाठ हायेत."

पिशवी खांद्याला लावून तो तोंड धुवायला तळ्यावर गेला. पाळीवर, तळ्याच्या बांधावर, दोघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "काय बोलली वो ते पोरगी! माह्या आज्यानं खोदलं म्हणे. तुमचा आजा काठावर..."

ती अडली. मनसारामने सवयीने पुढचे शब्द दिले. या वेळी मोठ्याने.