जबडेबाबाचा लेप

भाड्याच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या होत्या. मंचावर आई दात दाखवत उभी होती. तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट सहा आठवड्यांत गायब झाली होती.

"हाड म्हणजे दगड!" जबडेबाबा गरजला. "दगड कोण हलवतं? माझं हे लेपाचं बोट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जन्मभर तोंडावर हात ठेवून हसलेली आई आज तोंडभर हसत होती. पहिल्या रांगेतल्या लेकीला मात्र तिची हिरडी दिसली. लालभडक, फुगलेली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "दुखतंय का गं?"

"दगड विरघळतोय म्हणे," आईने शिलाई मशीनचं चाक फिरवलं. "तीन महिने डॉक्टरचं नाव काढायचं नाही, नाहीतर फट परत येईल. तू आपली पुस्तकं वाच."

तो त्या घरातला शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तिसऱ्या दिवशी डोळा सुजला. दवाखान्यात नेईपर्यंत पू मेंदूपर्यंत पोचला होता. पाचव्या दिवशी आई गेली. बाबाने निरोप धाडला, "श्रद्धा कमी पडली."

पुढच्या रविवारी लेक दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन सभागृहात शिरली. एका तरुणीच्या तोंडात बाबा लेपाचं बोट घालणार, तोच बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि काचेची पट्टी पुढे केली.

"आधी या काचेवर पुसा."

"विटाळेल ना लेप!"

"पुसा म्हणते ना!"

पांढऱ्या लेपातून मसुरीएवढी, पारदर्शक रबरी कडी बाहेर आली.

"लेपाने हिरडी बधिर करायची आणि कडी दातांभोवती चढवायची, की ती दोन्ही दात जवळ ओढते," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात हिच्या आईचे दात हातात आले, तेव्हा मुळांवर अशीच कडी होती." आयुष्यभर कपड्यांत इलॅस्टिक ओवणाऱ्या आईला स्वतःच्या तोंडातलं रबर कळलं नव्हतं.

"पण फट मिटली ना?" मागून एकजण ओरडला. "आम्ही काय आंधळे आहोत?"

"मिटली. ती हाडाने मिटवली, बोटाने नाही. हाड दगड नसतं हो, जिवंत असतं. दात रेटला की दाबाच्या बाजूच्या पेशी हाड कुरतडतात, ताणाच्या बाजूच्या नवं हाड रचतात. आम्ही तारा बांधतो ते याच बळावर, पण बेताने, नजर ठेवून. मुळं टोकाला निमुळती असतात. ही मोकाट कडी मुळावर सरकत हिरडीच्या आत शिरते, हाडाचा फडशा पाडते. मग दात खिळखिळे होतात, पू धरतो."

बाबा मागच्या दाराकडे सटकला. तिथे मावशी उभी होती, आईला पहिल्यांदा इथे आणणारी. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"कुठं निघालास? दगड हलवतोस ना? मग मला हलव बघू!"

कुणीतरी पोलिसांना फोन लावला. लेकीने माइक हातात घेतला.

"याची लबाडी मला पहिल्या दिवसापासून कळत होती. हिरडीही दिसली होती. पण आई हसत होती, तिचं मन मोडवेना, म्हणून मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. घरात कुणी सुजलेलं तोंड घेऊन चमत्कार सांगायला लागलं, तर भांडा, रडवा, पण डॉक्टरकडे न्या."

मग लोकांकडे न बघता ती म्हणाली, "आई, मला कळत होतं गं. मी बोलले नाही."