जुन्नरचा बिबट्या आंबेगावात

दादाभाऊ वारूळवाडीचा. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो पोचवायला त्याची पिकअप असायची. २००३ साली जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीच्या उसात बिबट्या पिंजऱ्यात सापडला, आणि वनखात्याची गाडी नेमकी गॅरेजात. मग दादाभाऊला बोलावणं आलं. सोबतीला रुपेश, नुकताच नोकरीला लागलेला गार्ड.

"भीमाशंकरच्या अभयारण्यात सोडायचाय," रुपेश म्हणाला. "मंचर, घोडेगाव, डिंभे, तळेघर. सरळ रस्ता."

"रस्ता ठावं हाय, भाऊ. पर असलं जित्तं सामान कवा भरलं न्हाई."

पिंजऱ्यावर ताडपत्री टाकून निघाले. गतिरोधक आला की मागून गुरगुर यायची आणि दादाभाऊ वेग आणखी कमी करायचा. त्यानं इतकी हळू गाडी जन्मात चालवली नव्हती. घोडेगावात चहाला थांबले तर हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय भरलंय?"

"फ्लॉवर," दादाभाऊ म्हणाला.

तेवढ्यात फ्लॉवर असा काही डरकाळला, की हॉटेलवाल्याच्या हातातली किटली खाली पडली. चहा राहिला आणि बातमी मात्र त्यांच्या पुढं घाट चढून गेली.

तळेघरला पोचतात तो रस्त्यावर बाया बसलेल्या. मधोमध त्यांची म्होरकी लंकाबाई, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन शेरड्या, त्याही ठिय्या देऊन.

"जुन्नरचा बिबट्या आमच्या आंबेगावात कशापायी?" तिनं विचारलं.

"मावशी, बिबट्याला तालुका नसतो. आणि अभयारण्य अजून पुढं आहे," रुपेश म्हणाला.

"पुढं हाय म्हंजी? त्याला माघारी चालता येत न्हाई व्हय?"

रुपेशनं दादाभाऊकडं पाहिलं. दादाभाऊनं समोरच्या काचेकडं पाहिलं.

शेवटी लंकाबाईनंच तोड काढली. "मी संगं येते. कुठं सोडता ते डोळ्यानं बघते. तवर न्हाई जाऊ द्यायची गाडी." शेरड्या शेजारणीकडं देऊन ती केबिनमध्ये दोघांच्या मधे घुसून बसली. गिअर टाकायचा तर दादाभाऊला दर वेळी "मावशी, गुडघा" म्हणावं लागे.

जंगलात वस्तीपासून दूर, वळणावर गाडी उभी केली. रुपेशनं खिडकीतून दोर ओढला. पिंजऱ्याचं दार वर गेलं. बिबट्या बाहेर येईना.

"झोपला जणू," दादाभाऊ कुजबुजला.

"झोपतोय कसा!" म्हणून लंकाबाई रुपेशला ओलांडून, त्याचीच काठी घेऊन खाली उतरली. दोघं नको नको म्हणेस्तोवर तिनं पिंजऱ्याच्या पत्र्यावर दणका दिला. "ऊठ रं मुडद्या! आलं तुझं गाव!"

आतून डरकाळी फुटली. लंकाबाई परत कधी आत आली ते कुणालाच कळलं नाही. दादाभाऊला एवढंच कळलं की ती आपल्या मांडीवर बसलीय.

बिबट्यानं खाली उडी मारली, आळस दिला आणि डांबरी रस्त्यानं थेट तळेघरच्या दिशेनं चालू लागला.

"आरं, माघारी निघाला की!" लंकाबाई किंचाळली. "घाल गाडी मागं!"

दादाभाऊनं घाबरून रिव्हर्स टाकला. गाडीला रिव्हर्सचा वाजंत्रीवाला हॉर्न होता. सगळ्या जंगलात एकदम लग्नाची पिपाणी वाजायला लागली. बिबट्या जागच्या जागी थबकला, कान मागं पाडले, आणि कारवीत अशी झेप घेतली की झुडपं हलायची थांबली तरी दादाभाऊचा पाय क्लचवर आहे की ब्रेकवर हे त्याला उमगत नव्हतं.

"कुनीकडं गेला?" लंकाबाईनं विचारलं.

"खाली," रुपेश म्हणाला. "कोकणाच्या अंगाला."

"मग ब्येस झालं." तिनं पदर सावरला. "आता त्यांचं ते बघतील."

परतीच्या वाटेवर प्रत्येक वस्तीला तिनं गाडी थांबवली आणि बिबट्या कोकणात धाडल्याचं सांगितलं. दर वस्तीला तिनं मारलेल्या दणक्यांची संख्या वाढत गेली. दादाभाऊ मान डोलावत राहिला. घरी तिनं दोघांना कोंबडीचा रस्सा आणि भात वाढला. सकाळपासून घशाखाली घोटभर पाणी न गेलेला दादाभाऊ तीनदा भात मागून जेवला.

निघताना ती दारापर्यंत आली. "येत जा की, पावणं. पर येताना रिकामी गाडी आना."