तांब्याच्या डब्यांनी ऐकलेले वऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना डुप्लेक्सर आहे. नाव ऐकून दचकू नका. तांब्याचे उंच डबे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर फिरवायची एक दांडी, एवढेच माझे रूप. नागपुरातल्या हौशी रेडिओवाल्यांनी गच्चीवर एक रिपीटर उभारला. दूरचा क्षीण आवाज ऐकून तो त्याच क्षणी मोठ्याने पुढे पाठवणारे हे यंत्र. त्याची अँटेना एकच. बोलायचे तिच्यातून आणि ऐकायचेही तिच्यातूनच. स्वतःच्या बोलण्याने त्याचे कान बधिर होऊ नयेत, हे पाहणे माझे काम.

मनोहरराव आणि त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई यांनी मला घडवले. दोघेही रेडिओवेडे. मनोहररावांनी माझे पत्रे जोडले आणि बाईंनी मीटरचा काटा पाहत दांड्या जुळवल्या. रिपीटरचे खूप कौतुक झाले. मला मात्र पत्र्याच्या खोलीत ठेवून सगळे विसरले.

मे महिन्यात खोली भट्टीसारखी तापली. माझे तांबे फुगले आणि जुळणी हलली. नेमके त्याच दिवशी शेजारच्या गोपाळरावांच्या मुलीचे, कौशल्याचे, लग्न होते. मुहूर्त संध्याकाळचा, पण दुपार कलली तरी वऱ्हाडाच्या बसचा पत्ता नव्हता. तेवढ्यात नरखेडकडचे संत्राबागायतदार आणि हौशी रेडिओवाले रुपराव रेडिओवर आले. "वऱ्हाड... येत नाही..." एवढेच ऐकू आले, पुढे नुसती खरखर. ते शब्द मांडवात पोचले आणि कौशल्याचा चेहरा उतरला.

मनोहररावांनी रिपीटरची ताकद वाढवली. खरखर आणखी वाढली. मग त्यांनी पाना उचलून मलाच दोन ठोके दिले.

"काहून ठोकून राहिले तुम्ही त्याले?" पुष्पलताबाई म्हणाल्या. रुपरावांचा आवाज तोवर खरखरीत पुरता बुडाला होता. बाईंनी एका छोट्या यंत्रातून बारीकसा सूर सोडला. रिपीटरचे बोलणे बंद असताना तो ऐकू आला, बोलणे सुरू होताच बुडाला.

"याची जुळणी बिघडली," त्या म्हणाल्या.

"थंड होऊ दे वं त्याले. हात भाजून घेशील."

"तोवर मुहूर्त जाईल. तापलेलाच जुळवते."

हाताला पदर गुंडाळून त्यांनी माझ्या दांड्या केसभर फिरवल्या. काटा हळूहळू खाली बसला. मनोहररावांनी नट आवळले आणि रुपरावांना साद घातली.

"किती वेळचा बोलून राहिलो गा!" रुपरावांचा आवाज आता खणखणीत आला. "वऱ्हाड बसनं येत नाही. बस बिघडली माझ्या बागेपाशी. मी संत्र्याच्या ट्रकमधी बसवून पाठवलं सगळ्याइले. नवरदेव डायवरच्या बाजूले बसला आहे."

बाई तशाच घामाघूम जिना उतरल्या. "वं कौशल्या, ऊठ. नवरदेव ट्रकनं येऊन राहिला."

कौशल्या खुदकन हसली. गोपाळराव मात्र खुर्चीत बसून डोळे पुसत होते. दिवेलागणीला ट्रक आला आणि बँडवाल्यांना हुरूप आला.

दुसऱ्याच दिवशी मनोहररावांनी माझ्या खिडकीला वाळ्याची ताटी बांधली, तिच्यावर पाणी शिंपडले आणि जरा ओशाळून माझ्यावरची धूळ पुसली. आता माझे तांबे काळवंडले आहे, तरी दर उन्हाळ्यात बाई वर येऊन माझी जुळणी तपासतात.

मित्रांनो, घरातले एखादे यंत्र हटून बसले तर त्याच्यावर हात उगारू नका. आधी त्याला हात लावून पाहा. बिचारे तापले असेल.