बासष्ट ग्रॅमचे मोजे

मोज्यांत काय एवढं बघायचं, दुकानात शिरावं आणि हाताला लागेल तो जोड उचलावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सलग बारा तास वॉर्डात उभं राहून दाखवावं. सिस्टर वीस वर्षं उभी होती. सगळं इस्पितळ तिला सिस्टर म्हणायचं आणि आता घरी नवराही तेच म्हणायचा.

मोजे निवडायला तिने महिना घेतला. डाव्या पायात एका कंपनीचा, उजव्यात दुसऱ्या कंपनीचा, असं घालून ती ड्यूटी करायची. सहा नंबरच्या खाटेवरचे आजोबा रोज विचारायचे की सिस्टर, आज पण उठायला उशीर झाला का. हसू देत. संध्याकाळी ती घरी येऊन बोटन् बोट दाबून बघायची, शिवण कुठे रुतली, कातडी कुठे लाल झाली. सुती मोजे पहिल्याच आठवड्यात बाद झाले, कारण घामाने भिजले की वाळायचं नावच घेत नाहीत. जाड लोकरीचे मऊ होते पण जड. शेवटी पसंत पडले ते राखाडी, पातळ लोकरीचे. टाचेला नायलॉनची घट्ट वीण, बोटांवरची शिवण सपाट, वजन जोडीला बासष्ट ग्रॅम. तिने दोन जोड घेतले, एक पायात घालायला आणि एक कोरडा, पिशवीत.

एवढा आटापिटा एकाच गोष्टीसाठी होता. डोंगरातली बारा दिवसांची चाल तिला पुरी करायची होती. दोन वर्षांपूर्वी हीच चाल तिने फोड आल्यामुळे पाचव्या दिवशी सोडली. नवरा पुढे गेला, चाल पुरी करून आला आणि तेव्हापासून चारचौघांत सांगत सुटला की आमच्या हिचे पाय फार नाजूक. वीस वर्षं वॉर्ड तुडवणारे पाय म्हणे नाजूक! जो उठला तो तिला हेच ऐकवायचा.

नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. प्रत्येक वस्तूचं वजन केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून चालणाऱ्या मंडळींत त्याचं नाव काटेवाले. दात घासायच्या ब्रशाचा दांडा याने वजन कमी व्हावं म्हणून कापलेला. पिशवी माणसाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या वर जाता कामा नये हा त्याचा नियम, आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती.

या खेपेच्या चालीत तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना नवऱ्यासकट सगळ्या मंडळींचे पाय भिजले. सिस्टरने पिशवी उपसली तर कोरडा जोड गायब. काटेवाल्यांनी शांतपणे सांगितलं की तिची पिशवी दहाव्या भागाच्या वर जात होती, तेव्हा निघायच्या सकाळी त्यांनी तो काढला. तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण मोजे आता घरी कपाटात असणार, भांडून काय उगवणार, म्हणून तिने राग गिळला आणि ओले मोजे पिळून परत चढवले. चौथ्या दिवशी टाच सोलवटली.

पाचव्या दिवशी दुपारी मंडळी रस्त्याकाठच्या पत्र्याच्या निवाऱ्यात जेवायला टेकली. तिने बूट काढला. फोड फुटून मोजा टाचेला चिकटला होता. काटेवाल्यांनी एक नजर टाकली आणि तिला न विचारताच सगळ्यांना जाहीर केलं की इथून साडेतीनला बस आहे, सिस्टर त्या बसने परत जाईल, पाय नाजूक, काय करणार. बोलता बोलता त्यांनी आपले घामेजलेले मोजे उतरवले आणि पिशवीतून कोरडा जोड काढून पायात घातला.

राखाडी, टाचेला घट्ट वीण. तिने महिनाभर झिजून निवडलेला.

"हे माझे आहेत," ती म्हणाली.

"हो ना. तुझ्या पिशवीत बसत नव्हते. माझं वजन जास्त, त्यामुळे माझ्या पिशवीत जागा होती." मग कौतुकाने म्हणाले, "आणि मोजे खरंच झकास आहेत गं. निवड करावी तर तूच."

तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला चोरी केल्याचंही कळत नव्हतं! याने हिशोब केला होता आणि हिशोब बरोबर आला होता, मग बायकोची टाच सोलली काय नि राहिली काय.

"काढा," ती म्हणाली.

सगळ्यांचे घास हातात राहिले. काटेवाले हसायला गेले, पण तिच्याकडे बघून हसू जागीच विरलं. त्यांनी मोजे काढले.

तिने टाच धुतली, पट्टी बांधली, वॉर्डात बांधायची तशी, घाई न करता. मोजे चढवले, बुटांच्या नाड्या आवळल्या, पिशवी पाठीला लावली. अनवाणी बसलेल्या नवऱ्याने विचारलं की मग मी आता काय घालू.

"साडेतीनच्या बसने तुम्ही जा," सिस्टर म्हणाली. "माझे अजून सात दिवस आहेत."

आणि ती चालायला लागली.