भुरी घरीच राहिली

भुरी ही सासऱ्यांची सगळ्यात चपळ कबुतरी. तिला शर्यतीसाठी तयार करण्यात त्यांनी वर्ष घालवलं होतं, आणि ऐन शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सून म्हणाली, उद्या हिला सोडू नका.

सून सौर वेधशाळेत कामाला होती. सूर्यावर मोठा स्फोट होऊन प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा ढग पृथ्वीकडे निघाला होता. त्यानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र डळमळलं, तर त्याच्या आधारानं घर शोधणारी पाखरं वाट चुकू शकतात, हे तिनं समजावून सांगितलं.

"नक्की?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही. ढगाचं चुंबकत्व कोणत्या दिशेचं आहे, ते तो दाराशी आल्यावरच कळतं. उत्तरेचं असलं, तर काहीच होणार नाही."

"म्हणजे अंदाजावर माझी भुरी कोंडू?"

"बाबा, नक्की ठाऊक असतं तर तुम्हाला विचारलं नसतं. ढाबळीला कुलूप लावून किल्ली ऑफिसात नेली असती."

सकाळी कबुतरं दूरच्या टेकडीकडे नेणारी गाडी आली, तेव्हा सासऱ्यांनी आपली टोपली उतरवून घेतली. म्हातारा सुनेच्या ओंजळीनं पाणी पितो, असं आपली पाखरं घेऊन गाडीत बसलेला, गावाच्या दुसऱ्या टोकाचा बेकरीवाला साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला.

सून वेधशाळेत पडद्यावरच्या रेघेकडे डोळे लावून बसली. रेघ खाली गेली, तर ढग दक्षिणेचा आणि वादळ खरं. वर राहिली, तर सासऱ्यांचं गावभर हसं. तिकडे कबुतरं सुटली, तरी रेघ वरच. मग रेघ थरथरली आणि दगडासारखी खाली आली. सुनेनं खुर्चीतच टाळी वाजवली, आणि लगेच बेकरीवाल्याची पाखरं आठवून ओशाळली.

घरी येऊन ती धापा टाकत गच्चीवर गेली. ऊन अजून लख्ख होतं, आणि गच्ची कबुतरांनी फुलली होती. वाट चुकलेली पाखरं सासऱ्यांचा थवा पाहून तिथंच उतरली होती. सासरे पाहुण्यांना दाणे टाकत होते, आणि बेकरीवाला टोपली घेऊन मुकाट्यानं आपली पाखरं ओळखत होता.

"सगळी ने," सासरे म्हणाले, "पण भुरीशेजारचा तो काळा राहू दे. घरजावई झालाय."

"माझा सगळ्यात चांगला नर आहे तो," बेकरीवाला कळवळला आणि न्याय मागावा तसा सुनेकडे वळला.

काळा भुरीभोवती मान फुगवून घुमत होता.

"मी फक्त सूर्याचं सांगते," सून म्हणाली आणि दाण्यांचा डबा उचलून सासऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.