पंखा उतरवायचा शनिवार

शनिवारी दुपारपर्यंत खडखड सापडली नाही, तर सुपरचार्जर उतरवायचा असं आमचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं आणि नवऱ्याने "बघ बाई, गाडी तुझी, जीव तुझा" म्हणत मान डोलावली होती.

गाडी माझीच. लाल, बुटकी, दोनच सीटची. इंजिनं ट्यून करणं हा माझा धंदा आणि ही गाडी माझा हट्ट. तिचा सुपरचार्जर कंपनीने दिलेला नव्हे, मी बाहेरून आणून बसवलेला, तोही सातव्या महिन्यात, पोट बॉनेटच्या कडेला टेकत असताना. खालचे बोल्ट मला दिसतच नव्हते, चाचपडत आवळले. ढब्बू आतून लाथा मारायची, मी बाहेरून पाना फिरवायचे. काम दोघींनी मिळून केलं म्हणायला हरकत नाही.

सासूबाई तेव्हा शेजारी खुर्ची टाकून बसायच्या, सून कुठे वाकतेय-पडतेय त्यावर नजर ठेवायला.

"एवढं काय करतं गं हे?" त्यांनी विचारलं होतं.

"आई, इंजिन आपलं आपण श्वास घेतं. हा एक पंखा आहे. इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि त्याच्या तोंडात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त."

"आणि त्याला नको असेल तर?"

"म्हणून तर ठिणगीची वेळ नीट लावायची. नाहीतर आतलं पेट्रोल भलत्याच वेळी पेटतं, इंजिन खडखडतं आणि एक दिवस पिस्टनच फुटतो."

"म्हणजे लेकरू भरवण्यासारखंच. जरा घाई केली की सगळं अंगावर."

तेव्हापासून आमच्या घरात सुपरचार्जर हा शब्द बाद झाला. सगळे पंखा म्हणतात.

पंख्यासोबत संसार करणं तसं सोपं नाही. तो शीळ घालतो. पाय दाबला की बारीक, चढत जाणारा सूर येतो आणि रस्त्यावरची कुत्री माना वाकड्या करून बघतात. पण ढब्बू हा सूर पोटात असल्यापासून ऐकत आलेली. इतर बाळांना झोपाळा लागतो, हिला पंखा. दुपारी सासूबाई तिला खांद्यावर टाकून वरच्या मजल्यावर बंद खिडकीशी उभ्या राहतात, मी खाली अंगणात गाडी जागेवरच उभी ठेवून पाय दाबते, सूर वर जातो, खाली येतो, आणि वरून सासूबाई हात हलवतात. झोपली.

जेवणाचीही तऱ्हाच. पंख्याच्या पुढे पट्ट्याची चकचकीत पुली आहे. बंद गाडीचं बॉनेट उघडलं की तिच्यात ढब्बूला स्वतःचं गोल तोंड दिसतं. ते बघून ती आ करते. तेवढ्यात घास आत. त्यामुळे पोरीची पेज स्वयंपाकघरात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त झाली.

सगळं असं झकास चाललं होतं आणि मग गाडी ढेपाळली.

इंजिनाला एक कान असतो. बोटभर उंचीचा सेन्सर, इंजिनाच्या अंगाला घट्ट बसवलेला. आत खडखड झाली की तो ऐकतो आणि गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे घेतो, म्हणजे जोर कमी करून इंजिन वाचवतो. माझा लॅपटॉप सांगत होता की कान खडखड ऐकतोय. दरवेळी इंजिन त्याच वेगाने फिरताना. मी चांगल्यातलं पेट्रोल भरलं. प्लग बदलले. ठिणगी मागे घेतली, आणखी मागे घेतली. आकडा तसूभर हलेना. नवरा गाडी चालवायचा, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचे.

सोमवारपासून मी कामावर परत रुजू होणार होते. स्वतःच्या गाडीची खडखड सापडत नाही आणि ही लोकांच्या गाड्या काय ट्यून करणार, हा किडा डोक्यात वळवळत होता. बाळंतपणात हातातलं कसब वाहून गेलं की काय? कोणाला बोलून दाखवलं नाही, पण पंखा उतरवायचा म्हणजे त्या प्रश्नाला माझ्याच हाताने 'हो' म्हणायचं.

त्यात घरात दुसरंच रामायण. ढब्बूचा चमचा हरवला होता. छोटा, स्टीलचा, लांब दांड्याचा. दुसरा कुठलाही चमचा पुढे केला की ती ओठ असे मिटायची की जणू तिच्याकडून गुपितच काढून घेतोय.

"कचऱ्यात टाकलास तू," सासूबाई लेकाला म्हणाल्या. "वाटीतलं उरलेलं टाकतोस ना, त्यात गेला."

"अगं आई, मी कशाला टाकू?"

"लहानपणी स्वतःची चप्पल टाकली होतीस."

"मी दोन वर्षांचा होतो!"

"सवय तेव्हापासूनचीच."

शनिवार उजाडला. जेवणं उरकली. मी पाने काढून ओळीने फडक्यावर मांडले, लॅपटॉप जोडलेलाच होता, तो बाजूला सरकवला. वर ढब्बू झोपेला आली होती आणि किरकिर करत होती.

"शेवटचं एकदा वाजव," नवरा म्हणाला. "तिला झोपव आणि मग उतरव."

मी सीटवर बसले. गिअर न टाकता हळूहळू पाय दाबला. सूर चढला. वरच्या खिडकीत एक छोटंसं टक्कल खांद्यावर टेकलं. मी आणखी दाबला, आणि शेजारच्या सीटवर लॅपटॉप लाल झाला.

खडखड. त्याच वेगाला.

मी पाय काढला. पुन्हा दाबला. पुन्हा लाल.

"अरे!" मी ओरडले. "ही खडखड नाहीच!"

"हळू! झोपतेय ती!"

"उभ्या गाडीत इंजिनावर भारच नसतो. भार नसताना पेट्रोल कशाला खडखडेल? कानाशी काहीतरी वाजतंय. बाहेरून!"

रोज वाजवत होते मी हा सूर, पण तेव्हा लॅपटॉप कधी जोडलेला नसायचा. अंगाईचा आलेख कोण काढतं?

इंजिन निवेपर्यंत मी अंगणात येरझारा घातल्या. मग बॅटरी घेतली, छोटा आरसा घेतला आणि पंख्याच्या खालच्या फटीत डोकावले. आरशात काहीतरी चमकलं. नवऱ्याने लांब चिमटा दिला. ओढलं, अडलं, वळवलं, आणि बाहेर आला एक काळवंडलेला, लांब दांड्याचा चमचा. दांडा इंजिनाच्या अंगाला टेकून, नेमक्या कानाशेजारी बसला होता. ठरावीक वेगाला इंजिन थरथरलं की हाही टणटणायचा.

सासूबाई खाली आल्या तेव्हा आम्ही दोघं त्या चमच्याकडे बघत उभे होतो.

"झोपली हो," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. चमच्याकडे पाहिलं. पंख्याच्या सपाट पाठीकडे पाहिलं. पदराने उगाच तोंड पुसलं.

"कचऱ्यात नाही गेला म्हणायचा," नवरा म्हणाला.

"तिचं तोंड पुसताना ठेवला असेल मी तिथे. सपाट होतं. एवढी मोठी गाडी, आणि चमचा ठेवायला एक जागा नाही तुमच्यात."

"आई, माझी चप्पल..."

"चप्पल तू टाकलीच होतीस. तो विषय वेगळा."

मी हसत सुटले, ते थांबेचना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "झालं ना? सापडली ना खडखड? तुलाच सापडली. मग?"

पाने पुन्हा पेटीत गेले. मागे घेतलेली ठिणगी मी जागेवर आणली. ढब्बू उठली, चमचा घासून उकळून पुन्हा कामावर रुजू झाला आणि तिने पुलीत न बघताच आ केला.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "मी बसते शेजारी. माझ्यामुळे झालंय, मीच बघते." लेकाच्या हातात नात सोपवून त्या बुटक्या सीटमध्ये कशाबशा शिरल्या. मी त्यांच्या मांडीवर लॅपटॉप दिला.

"हा आकडा वाचत राहायचा, आई. मोठ्याने."

गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता. मी पाय दाबला. पंखा गायला लागला आणि गाडीने आम्हाला पाठीत धरून पुढे ढकललं.

"शून्य," सासूबाई ओरडल्या. "शून्य! अगं, परत शून्य! शून्यच येतंय सारखं, बिघडलं का गं हे?"

"नाही आई. शून्यच हवंय."

"मग आणखी दाब की!"